रात्रीच्या आकाशातील अनोळखी प्रकाश

रात्रीच्या आकाशातील अनोळखी प्रकाश म्हणजे आकाशात किंवा क्षितिजालगत दिसणारा असा दिवा, ठिपका, पट्टा किंवा झोत, की ज्याचे मूळ पाहणाऱ्याला त्या क्षणी ओळखता येत नाही. विसाव्या शतकाच्या मध्यापासून अशा प्रकाशांची चर्चा प्रामुख्याने 'उडत्या तबकड्या' या नावाखाली झाली. त्यापूर्वी त्यांना देवतांचे संकेत, युद्धाची अथवा दुष्काळाची पूर्वसूचना किंवा भुतांचे दिवे मानले जाई. कोकणात आणि देशावरही दूर अंधारात हलणाऱ्या दिव्यांच्या रांगेचा संबंध वेताळाच्या पालखीशी जोडला जात असे.

पद्धतशीर तपासणी झालेल्या बहुसंख्य प्रकरणांत या प्रकाशांचे मूळ ग्रह, तारे, उल्का, वातावरणातील प्रकाशीय आविष्कार, विद्युत घटना किंवा मानवनिर्मित वस्तू यांत सापडले आहे. साक्षीदार खोटे बोलत होता, असे मात्र या तपासण्यांतून क्वचितच निष्पन्न झाले. प्रकाश दिसलेला असतो, पण त्याचे अंतर, आकार आणि वेग यांविषयी केलेला अंदाज चुकलेला असतो. याउलट, साक्षीदारांनी सांगितलेल्या काही गोष्टी आधी अविश्वसनीय ठरल्या आणि पुढे विज्ञानाला मान्य कराव्या लागल्या, अशीही उदाहरणे आहेत.

निरीक्षणाच्या मर्यादा

दोन डोळ्यांना दिसणाऱ्या प्रतिमांतील सूक्ष्म फरकावरून मेंदू अंतर ठरवतो. ही क्षमता काहीशे मीटरपलीकडे जवळजवळ निकामी होते. दिवसा झाड, घर, डोंगर अशा परिचित वस्तूंच्या आधाराने दूरचे अंतर अजमावता येते. अंधाऱ्या आकाशात एकटा ठिपका असेल, तर असा कोणताच आधार नसतो. अंतर कळले नाही तर आकार कळत नाही, आणि आकार व अंतर दोन्ही अज्ञात असतील तर वेगही कळत नाही. हातातील विजेरीएवढा जवळचा दिवा आणि कोट्यवधी किलोमीटरवरील ग्रह डोळ्याला सारखेच दिसू शकतात. 'दोन किलोमीटरवर, बसएवढी वस्तू, विमानापेक्षा वेगाने गेली' या प्रकारच्या विधानातील तिन्ही आकडे म्हणूनच निरीक्षण नसून अनुमान असतात.

स्थिर ठिपका हलताना दिसणे हा दुसरा भ्रम होय. अंधारात एखाद्या बिंदूकडे टक लावून पाहिल्यास काही सेकंदांतच तो सरकू लागल्याचा, हेलकावे खात असल्याचा भास होतो. याला स्वयंगती परिणाम म्हणतात. जर्मन संशोधक आलेक्झांडर फोन हुंबोल्ट यांनी १७९९ मध्ये तारे असे डोलताना पाहिले होते आणि ही गती ताऱ्यांचीच असल्याचे त्यांना वाटले होते. ती पाहणाऱ्याच्या दृष्टीत असते, हे एकोणिसाव्या शतकात पुढे स्पष्ट झाले. मानसशास्त्रज्ञ मुझफ्फर शेरीफ यांनी १९३५ मध्ये याच भ्रमाचा प्रयोगांसाठी उपयोग केला. अंधाऱ्या खोलीतील स्थिर दिवा किती हलला, हे एकत्र बसलेल्या लोकांना सांगायला लावले असता थोड्याच वेळात सर्वांची उत्तरे एकमेकांच्या जवळ आली. अनेक साक्षीदारांचे एकमत हा निरीक्षण अचूक असल्याचा पुरावा ठरत नाही, ही गोष्ट या प्रयोगातून पुढे आली. गच्चीवर जमलेल्या घोळक्यालाही ती लागू पडते.

ढग वाऱ्याने सरकत असताना त्यांच्या फटीतून दिसणारा चंद्र किंवा ग्रह उलट दिशेने धावताना दिसतो. चालत्या वाहनातून पाहिल्यास झाडे मागे पडतात आणि ग्रह मात्र वाहनाबरोबर येत राहतो, त्यामुळे तो पाठलाग करत असल्याची भावना होते.

ग्रह आणि तारे

अनोळखी प्रकाश म्हणून सर्वाधिक वेळा नोंदली गेलेली खगोलीय वस्तू शुक्र असावी, असे या विषयाच्या बहुतेक अभ्यासकांचे मत आहे. सूर्य व चंद्र यांच्यानंतर आकाशातील सर्वांत तेजस्वी नित्य ज्योती शुक्राची आहे. त्याची दृश्यप्रत सुमारे −४.६ पर्यंत जाते आणि अगदी अंधाऱ्या ठिकाणी त्याच्या प्रकाशाने सावलीही पडते. शुक्र सूर्यापासून सुमारे ४७ अंशांपेक्षा अधिक दूर जात नाही. त्यामुळे तो सूर्यास्तानंतर पश्चिमेला किंवा सूर्योदयापूर्वी पूर्वेला दिसतो. भारतातून तो मध्यरात्री दिसत नाही. काही महिने संध्याकाळी दिसल्यावर तो सूर्याच्या तेजात लुप्त होतो आणि मग पहाटे उगवू लागतो. हे चक्र सुमारे ५८४ दिवसांचे असते. ज्याने बराच काळ पहाटेचे पूर्व आकाश पाहिलेले नाही, त्याला तेथे एकाएकी आलेला हा दिवा नवाच वाटतो.

क्षितिजाजवळ प्रकाशाला हवेचा फार जाड थर ओलांडावा लागतो. डोक्यावरील ताऱ्याच्या तुलनेत क्षितिजावरील ताऱ्याच्या प्रकाशमार्गात सुमारे ३८ पट हवा असते. वेगवेगळ्या तापमानाच्या हवेचे लहान लहान पुंजके भिंगासारखे काम करून प्रकाश इकडेतिकडे वळवतात. लाल व निळ्या प्रकाशाचे वळणे सारखे नसल्याने तारा क्षणात तांबडा, क्षणात हिरवा किंवा निळा चमकतो. व्याध हा आकाशातील सर्वांत तेजस्वी तारा उगवताना या कारणाने 'रंगीत दिवे लावलेल्या यानासारखा' दिसतो. महाराष्ट्रातून अगस्त्य ताऱ्याबाबत हे अधिक ठळकपणे अनुभवास येते. मुंबई-पुण्याच्या अक्षांशावर तो दक्षिण क्षितिजापासून अठरा अंशांच्या आसपासच चढतो, आणि हिवाळ्याच्या रात्री डोंगररांगेच्या वर लुकलुकत राहतो.

या प्रकारच्या गोंधळाचे भारतातील सर्वांत बोलके उदाहरण लडाखमधील आहे. ऑगस्ट २०१२ ते फेब्रुवारी २०१३ या काळात पँगाँग सरोवराजवळील ठाकुंग भागातील भारतीय सैन्याने आकाशातील अनोळखी प्रकाशांच्या ३२९ नोंदी केल्या. त्यांपैकी १५५ वेळा ही वस्तू प्रत्यक्ष नियंत्रण रेषा ओलांडून आली, असे नोंदवले गेले. सीमेवरील तणावाच्या काळात हे चीनचे टेहळणी करणारे ड्रोन असावेत, हा संशय अस्वाभाविक नव्हता. वस्तूंचे स्वरूप ठरवण्यासाठी भारतीय खगोलभौतिकी संस्थेची मदत घेण्यात आली. खगोलशास्त्रज्ञांनी वस्तूंची कोनीय स्थिती आणि ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवरील त्यांची गती तपासली. एक वस्तू संध्याकाळी उगवून रात्रभर दिसत असे, तर दुसरी पहाटे चारच्या सुमारास प्रकट होई. पहिली गुरू आणि दुसरी शुक्र निघाली. गुरू ३ डिसेंबर २०१२ रोजी प्रतियुतीत होता, म्हणजे त्या हिवाळ्यात तो सूर्यास्ताच्या वेळी उगवून रात्रभर तळपत होता, आणि शुक्र त्या काळात पहाटेचा तारा होता. सुमारे साडेचार हजार मीटर उंचीवरील विरळ, कोरड्या हवेत दोन्ही ग्रह मैदानी प्रदेशापेक्षा कितीतरी प्रखर दिसतात. रोज रात्री पूर्वेकडून उगवून पश्चिमेकडे जाणारा प्रकाश सीमारेषा ओलांडणारच, कारण ती गती पृथ्वीच्या परिवलनाची आहे. जुलै २०१३ मध्ये ही बातमी प्रसिद्ध झाल्यावर जगभरच्या वृत्तपत्रांत तिची थट्टा झाली. परंतु संशय आल्यावर नोंदी ठेवणे आणि मग जाणकारांना विचारणे हा क्रम योग्यच होता. त्या नोंदी नसत्या, तर ग्रहांची ओळखही पटली नसती.

उल्का आणि अग्निगोल

सेकंदाला ११ ते ७२ कि.मी. वेगाने वातावरणात शिरणारे खडे साधारणतः १२० ते ८० कि.मी. उंचीवर प्रकाशमान होतात. बहुतेक उल्का क्षणार्धात विझतात. शुक्रापेक्षा तेजस्वी उल्केला अग्निगोल म्हणतात. त्याचा रंग हिरवा, निळसर किंवा नारिंगी असू शकतो, तो वाटेत फुटतो आणि काही मिनिटे टिकणारी धुरकट रेषा मागे ठेवतो. ध्वनीचा वेग प्रकाशाच्या तुलनेत नगण्य असल्याने गडगडाट ऐकू आलाच, तर तो एक ते काही मिनिटांनी येतो. त्या वेळेपर्यंत पाहणारा बहुधा घरात परतलेला असतो आणि दोन्हींचा संबंध जोडत नाही.

एवढ्या उंचीवरील अग्निगोल शेकडो किलोमीटरच्या परिसरातून दिसतो. परस्परांपासून दूर असलेल्या दोन जिल्ह्यांतील लोक तो 'पलीकडच्या टेकडीमागे पडला' असे एकाच वेळी आणि प्रामाणिकपणे सांगतात. क्षितिजाखाली जाणारी वस्तू जवळच उतरली असे वाटणे हा अंतराविषयीचाच भ्रम होय. गावकऱ्यांनी रात्रभर रान धुंडाळूनही काही न सापडण्याचे कारण बहुधा हेच असते.

९ फेब्रुवारी १९१३ च्या रात्री कॅनडापासून दक्षिण अटलांटिकपर्यंत अग्निगोलांची एक रांग जवळजवळ क्षितिजसमांतर मार्गाने संथपणे जाताना दिसली. टोरांटोचे खगोलशास्त्रज्ञ क्लॅरेन्स चांट यांनी साक्षी गोळा करून तिचा मार्ग निश्चित केला. कृत्रिम उपग्रह अस्तित्वात येण्यापूर्वीची ही घटना आहे. तीच आज घडली असती, तर तिला निःसंशय अंतराळातील कचरा मानले गेले असते.

आकाशातून दगड पडतात हे सांगणाऱ्यांवर अठराव्या शतकातील बहुतेक युरोपीय विद्वान विश्वास ठेवत नसत. एर्न्स्ट क्लाडनी यांनी १७९४ मध्ये अशनी अंतराळातून येतात असे प्रतिपादन केले, तेव्हा त्यांच्यावर टीका झाली. २६ एप्रिल १८०३ रोजी फ्रान्समधील लेग्ल या गावाच्या परिसरात तीन हजारांच्या आसपास दगड कोसळले. झां-बातिस्त बियो यांनी तेथे जाऊन शेतकऱ्यांच्या साक्षी आणि दगड पडलेल्या जागा पडताळून अहवाल दिला. त्यानंतर शंकेला फारशी जागा उरली नाही.

अंतराळातील अवशेष

उपग्रह आणि अग्निबाणांचे निकामी भाग वातावरणात परत येताना जळतात, तेव्हा ते उल्केसारखे दिसतात. त्यांचा वेग मात्र सेकंदाला सुमारे ७ ते ८ कि.मी. असतो आणि मार्ग उतरता नसून बराचसा आडवा असतो. त्यामुळे उल्का जेथे काही सेकंदांत संपते, तेथे हे दृश्य मिनिटभर किंवा अधिक टिकते आणि तुटलेले तुकडे एकामागोमाग समांतर रेषांत जळत जातात.

२ एप्रिल २०२२ रोजी, गुढीपाडव्याच्या संध्याकाळी पावणेआठच्या सुमारास, विदर्भ, खानदेश आणि मध्य प्रदेशाच्या काही भागांत असेच दृश्य हजारो लोकांनी पाहिले. आदल्या दिवशीच अमावास्या होऊन गेल्याने आकाश काळोखे होते, आणि सणामुळे लोक घराबाहेर होते. भ्रमणध्वनीवर टिपलेल्या चित्रफिती काही मिनिटांत सर्वत्र पसरल्या. उल्कावर्षाव, क्षेपणास्त्र, कोसळणारे विमान असे तर्क सुरू झाले. त्याच रात्री चंद्रपूर जिल्ह्याच्या सिंदेवाही तालुक्यातील लाडबोरी येथे सुमारे तीन मीटर व्यासाचे धातूचे कडे सापडले, आणि परिसरात धातूचे गोळेही आढळले. असे गोळे सामान्यतः अग्निबाणातील दाबयुक्त वायूच्या टाक्या असतात. त्यांची भिंत मजबूत असल्याने त्या जळून न जाता जमिनीपर्यंत पोहोचतात. हे अवशेष फेब्रुवारी २०२१ मध्ये सोडलेल्या चीनच्या 'चांग झेंग ३ बी' अग्निबाणाच्या तिसऱ्या टप्प्याचे असावेत, असे मत खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांनी मांडले. भारतीय अंतराळ संशोधन संस्थेच्या पथकाने जागेची पाहणी केली. लोकवस्तीजवळ एवढे जड कडे पडूनही जीवितहानी झाली नाही, हा निव्वळ योगायोग म्हणावा लागेल.

अशा दृश्याला मन कसा आकार देते, याचा अभ्यास ३ मार्च १९६८ च्या घटनेवरून झाला. त्या रात्री सोव्हिएत 'झाँड-४' मोहिमेतील अवशेष अमेरिकेच्या अनेक राज्यांवरून जळत गेले. बहुतेकांनी तेजस्वी तुकड्यांची रांग पाहिल्याचे सांगितले. काहींनी मात्र चौकोनी खिडक्या असलेले चिरूटाच्या आकाराचे यान गेल्याचे वर्णन केले. वेगवेगळ्या जळत्या तुकड्यांना खिडक्या समजून त्यांच्यामधील अंधाराला मनाने यानाचे अंग बहाल केले होते. कॉलोराडो विद्यापीठाच्या १९६८ च्या काँडन अहवालात या साक्षींचे विश्लेषण आहे. एकत्र फिरणाऱ्या दिव्यांना एकच वस्तू समजण्याची ही प्रवृत्ती उंचावरून रांगेत उडणाऱ्या विमानांबाबतही दिसून येते.

ध्रुवीय प्रकाश

सूर्याकडून येणारे विद्युतभारित कण पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रामुळे ध्रुवांच्या बाजूला वळतात आणि वरच्या वातावरणातील वायूंना उद्दीपित करतात. हिरवा प्रकाश साधारणतः १०० ते १५० कि.मी. उंचीवर, तर ऑक्सिजनचा लाल प्रकाश २०० कि.मी. च्या वर निर्माण होतो. तीव्र भूचुंबकीय वादळात हा आविष्कार विषुववृत्ताच्या दिशेने सरकतो. दूरच्या प्रदेशातून पाहताना पृथ्वीच्या गोलाईमुळे खालचा हिरवा भाग क्षितिजाआड राहतो आणि वरची लाली तेवढी दिसते. परिणामी क्षितिजापलीकडे मोठी आग लागल्यासारखे वाटते.

या भ्रमाचा इतिहास दीर्घ आहे. रोमन सम्राट तिबेरियस याच्या कारकिर्दीत (इ.स. १४ ते ३७) ओस्तिया बंदर जळत असल्याचे समजून सैनिकांच्या तुकड्या मदतीला धावल्याचे तत्त्वज्ञ सेनेका याने लिहून ठेवले आहे. २५ जानेवारी १९३८ च्या रात्री युरोपभर लाल ध्रुवीय प्रकाश दिसला, तेव्हा इंग्लंडमध्ये विंडसरचा राजवाडा पेटल्याच्या समजुतीने अग्निशमन दलाला पाचारण करण्यात आले. एकोणीसशे वर्षांच्या अंतराने घडलेली ही चूक तंतोतंत एकच आहे.

महाराष्ट्राचाही या इतिहासाशी प्रत्यक्ष संबंध आहे. ४ फेब्रुवारी १८७२ च्या महावादळात ध्रुवीय प्रकाश मुंबईतून दिसल्याची नोंद तत्कालीन इंग्रजी वृत्तपत्रात आहे. मुंबईचा चुंबकीय अक्षांश त्या वेळी सुमारे १० अंश होता, त्यामुळे ही नोंद जगातील सर्वांत कमी अक्षांशावरील नोंदींपैकी एक मानली जाते. त्याच वेळी मुंबई-एडन समुद्री तारेवरील दळणवळणातही व्यत्यय आला होता. कुलाबा वेधशाळेतील चुंबकीय नोंदी त्या वादळाच्या तसेच सप्टेंबर १८५९ च्या कॅरिंग्टन घटनेच्या अभ्यासासाठी आजही वापरल्या जातात. अलीकडे १० व ११ मे २०२४ च्या रात्रीच्या वादळात लडाखमधील हानले येथील भारतीय खगोलीय वेधशाळेच्या कॅमेऱ्यांनी आकाशातील लाल आभा टिपली.

राशिचक्रीय प्रकाश आणि निशादीप्त मेघ

सूर्यमालेच्या प्रतलात पसरलेल्या धुळीवरून परावर्तित झालेला सूर्यप्रकाश क्षितिजापासून तिरप्या, निमुळत्या शंकूच्या रूपात दिसतो. यास राशिचक्रीय प्रकाश म्हणतात. शहरांपासून दूर, फेब्रुवारी-मार्चमध्ये संध्याकाळचा अंधार पडल्यावर पश्चिमेला आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पहाटेपूर्वी पूर्वेला तो महाराष्ट्रातूनही दिसू शकतो. त्याला पहाट समजून फसल्यामुळे 'खोटी पहाट' हे नावही पडले आहे. निशादीप्त मेघ हे सुमारे ८० कि.मी. उंचीवरील बर्फकणांचे ढग प्रामुख्याने ५० अंशांपलीकडील अक्षांशांवर उन्हाळ्यात दिसतात. भारतातून त्यांची अपेक्षा नसते.

वातावरणातील विद्युत आविष्कार

वादळी ढगांच्या माथ्यावर, ५० ते ९० कि.मी. उंचीवर, क्षणभर लाल रंगाचे झुंबरासारखे झोत उमटतात. त्यांना स्प्राइट म्हणतात. त्यांचे आयुष्य काही सहस्रांश सेकंदांचे असते. अशा विद्युतविसर्जनाची शक्यता स्कॉटिश भौतिकशास्त्रज्ञ सी. टी. आर. विल्सन यांनी १९२० च्या दशकात वर्तवली होती. ढगांवरती प्रकाश पाहिल्याचे वैमानिक अनेक वर्षे सांगत होते. मात्र ते फारसे कोणी गांभीर्याने घेतले नाही. जुलै १९८९ मध्ये मिनेसोटा विद्यापीठाच्या पथकाने एका कमी प्रकाशातील कॅमेऱ्याची चाचणी घेताना योगायोगाने त्याचे पहिले चित्रण केले आणि वैमानिकांचे म्हणणे खरे ठरले.

गोलाकार तडितेची स्थिती याहून बिकट आहे. वादळात द्राक्षापासून फुटबॉलपर्यंतच्या आकाराचा प्रकाशगोळा काही सेकंद तरंगत जातो, अशी वर्णने शतकानुशतके मिळतात. २३ जुलै २०१२ रोजी चीनच्या छिंगहाय पठारावर विजांचा अभ्यास करणाऱ्या संशोधकांच्या उपकरणांनी सुमारे ९०० मीटर अंतरावरून अशा एका गोळ्याचा वर्णपट नोंदवला. वीज जमिनीवर पडल्यानंतर तो उत्पन्न झाला होता आणि त्यात मातीत आढळणाऱ्या सिलिकॉन, लोह व कॅल्शियम यांच्या रेषा होत्या. विजेने बाष्पीभूत झालेल्या मातीतील सिलिकॉन हवेत हळूहळू जळत असावे, या २००० साली मांडलेल्या गृहीतकाला त्यातून बळ मिळाले. बंद खोलीत किंवा विमानात दिसलेल्या गोळ्यांचे स्पष्टीकरण मात्र त्यातून होत नाही.

भूकंपाच्या आधी किंवा दरम्यान दिसणाऱ्या प्रकाशाची छायाचित्रे जपानमधील मात्सुशिरो येथे १९६५ ते १९६७ च्या भूकंपमालिकेत घेतली गेली. त्याच्या कारणाविषयी एकमत नाही. विद्युतवाहिन्यांतील ठिणग्यांचाही अशा वर्णनांत वाटा असतो.

क्षितिजालगतचे दिवे

रात्री जमीन लवकर थंड होते आणि तिच्यालगत थंड, वर उबदार हवेचा थर तयार होतो. या तापमान व्युत्क्रमणामुळे प्रकाशकिरण खाली वळतात आणि क्षितिजापलीकडचे दिवे उचलले जाऊन तरंगताना, दुभंगताना किंवा नाचताना दिसतात. ऑस्ट्रेलियातील 'मिन मिन' दिव्यांविषयी जॅक पेटिग्र्यू यांनी २००३ मध्ये हेच स्पष्टीकरण दिले. त्यांनी स्वतः दूरवरच्या वाहनाच्या दिव्यांनी तसा आविष्कार घडवून दाखवला. अमेरिकेच्या टेक्सास राज्यातील मार्फा येथील प्रसिद्ध दिवे महामार्गावरील वाहनांचे असल्याचे २००४ मध्ये विद्यापीठीय विद्यार्थ्यांच्या निरीक्षणांतून दिसून आले. गूढ दिवे पाहण्यासाठी पर्यटक अजूनही तेथे जमतात.

दलदलीवर दिसणाऱ्या फिकट ज्योतींचा संबंध कुजणाऱ्या वनस्पतींतून निघणाऱ्या वायूंशी जोडला जातो. आलेस्सांद्रो व्होल्टा यांनी १७७६ मध्ये इटलीतील एका सरोवराच्या काठच्या चिखलातून ज्वलनशील वायू गोळा केला, तोच मिथेन. मिथेन स्वतः पेट घेत नाही, त्यामुळे फॉस्फरसयुक्त वायूंच्या अल्प अंशाने तो पेटत असावा, असे मानले जाते. बंगालच्या पाणथळ भागातील 'आलेया' आणि कच्छच्या बन्नी गवताळ प्रदेशातील 'चिर बत्ती' यांचे हेच स्पष्टीकरण सामान्यतः दिले जाते. तथापि प्रत्यक्ष जागेवर वायूचे मोजमाप करून ते सिद्ध झालेले नाही.

नॉर्वेतील हेसडालेन दरीत १९८० च्या दशकाच्या प्रारंभी आठवड्याला अनेकदा प्रकाश दिसू लागले. तेथे १९८३ मध्ये संशोधन प्रकल्प सुरू झाला आणि १९९८ मध्ये स्वयंचलित निरीक्षण केंद्र उभारले गेले. काही प्रकाश वाहने, विमाने आणि ग्रह असल्याचे निष्पन्न झाले. उरलेल्यांसाठी धुळीचे ज्वलन, खडकांमधील विद्युतभार अशी निरनिराळी गृहीतके आहेत.

मानवनिर्मित प्रकाश

२४ मे २०१९ रोजी साठ स्टारलिंक उपग्रह एकत्र सोडण्यात आले. तेव्हापासून प्रक्षेपणानंतरच्या काही रात्री आकाशात ठिपक्यांची सरळ रांग जाताना दिसते. उपग्रह स्वतः प्रकाश देत नाहीत. जमिनीवर अंधार पडला तरी त्या उंचीवर ऊन असते, म्हणूनच ते संध्याकाळी आणि पहाटे चमकतात व पृथ्वीच्या सावलीत शिरताच आकाशाच्या मध्यावर विझतात. याच कारणाने १५ डिसेंबर २०२२ रोजी अग्नी-५ क्षेपणास्त्राच्या चाचणीच्या संध्याकाळी पश्चिम बंगालमध्ये आकाशात शंकूसारखा झोत दिसला. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या हैदराबाद येथील केंद्रातून सोडले जाणारे महाकाय संशोधन फुगे ३० ते ४० कि.मी. उंचीवर जातात आणि सूर्यास्तानंतरही चमकत राहतात. त्यांच्या खाली लावलेली उपकरणे हवाई छत्रीने उतरतात, कधी शेतातही. विमानांचे समोरील दिवे, आकाशकंदील आणि छायाचित्रणाचे ड्रोन ही नित्याची कारणे आहेत.

ओळख पटविण्याची पद्धत

अचूक वेळ, दिशा, क्षितिजापासूनची उंची आणि दिसण्याचा कालावधी या चार गोष्टींची नोंद असेल, तर बहुतेक प्रकाशांची ओळख पटते. सरळ धरलेल्या हाताची मूठ आकाशात सुमारे दहा अंश आणि करंगळी सुमारे एक अंश व्यापते. पूर्ण चंद्र केवळ अर्धा अंश असतो, हे बहुतेकांना पहिल्यांदा खरे वाटत नाही. ठिपका छपराच्या कडेशी किंवा खांबाशी जुळवून पाहिल्यास तो खरोखर हलतो की डोळा फसतो, ते ठरते. दुसऱ्या दिवशी त्याच जागी चार मिनिटे आधी तो पुन्हा दिसला, तर तो तारा होय. ग्रहाच्या बाबतीत हा फरक थोडा कमीजास्त असतो. तीन-चार सेकंदांत संपला तर उल्का, मिनिटभर आडवा जात तुटत गेला तर अवशेष, आणि एकाच गतीने चार-पाच मिनिटे जाऊन विझला तर उपग्रह असण्याची शक्यता अधिक असते.

भ्रमणध्वनीवरील चित्रफितींचा उपयोग मर्यादित आहे. अंधारातील ठिपक्यावर भिंगाचा केंद्रबिंदू न जुळल्यास तो मोठ्या तेजस्वी चकतीसारखा दिसतो, आणि चित्रात छप्पर, झाड किंवा तारा नसेल, तर दिशा व गती यांपैकी काहीच मोजता येत नाही.

अनिर्णित प्रकरणे

अमेरिकी हवाई दलाने १९६९ पर्यंत चालवलेल्या 'ब्लू बुक' प्रकल्पात आणि त्याच्या पूर्वीच्या प्रकल्पांत एकूण १२,६१८ नोंदी झाल्या. त्यांपैकी ७०१ अनिर्णित राहिल्या. फ्रान्सच्या राष्ट्रीय अंतराळ संस्थेत १९७७ पासून असे काम करणारा विभाग आहे. तेथे माहिती अपुरी असलेली प्रकरणे आणि माहिती पुरेशी असूनही न उलगडलेली प्रकरणे वेगळ्या वर्गांत ठेवली जातात. हा भेद महत्त्वाचा आहे. पुष्कळ प्रकरणे विलक्षण असल्यामुळे नव्हे, तर वेळ किंवा दिशा कोणी लिहून ठेवली नाही म्हणून अनिर्णित राहतात.

घाईने दिलेले नैसर्गिक स्पष्टीकरणही चूक ठरू शकते. ७ जानेवारी १९४८ रोजी अमेरिकेतील केंटकी राज्यात कॅप्टन थॉमस मँटेल हे लढाऊ वैमानिक आकाशातील एका चकाकत्या वस्तूचा पाठलाग करत प्राणवायूच्या साधनांविना फार उंच गेले आणि विमान कोसळून मरण पावले. ही घटना दिवसाची होती. ती वस्तू शुक्र होती, असे हवाई दलाने प्रथम सांगितले. परंतु त्या वेळी भरदिवसा शुक्राकडे कोणाचे लक्ष जाणे अवघड होते, आणि हे उत्तर फार काळ टिकले नाही. ती वस्तू नौदलाच्या तेव्हा गुप्त असलेल्या 'स्कायहुक' प्रकल्पातील फुगा असावी, असे आता सामान्यतः मानले जाते. त्या दिवशी आकाशात असा फुगा असू शकतो, हे चौकशी करणाऱ्यांनाही माहीत नव्हते.